भिंतीला भोक पाडायचं नाही

गेल्या महिन्यात एका मंगळवारी हेल्थ व्हिजिटर आली आणि बूट काढून सरळ आमच्या हॉलमध्ये रांगायला लागली.

पन्नाशीची बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात जाडजूड फाइल. "चालेल ना?" म्हणाली आणि टेकलेच गुडघे. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत, टीव्हीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मागून आमची तेरा महिन्यांची कार्टी, या घरात शेवटी एक तरी शहाणं माणूस आलं अशा आनंदात. मी पोह्यांची बशी घेऊन उभी. पाहुणीचं डोकं सोफ्याखाली असताना पोहे पुढे करायचे की थांबायचं, हे आईने कधी शिकवलेलं नाही.

इथे इंग्लंडमध्ये मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सरकारी आरोग्यसेवेतली ही नर्स ठरावीक टप्प्यांवर भेटते. एकदा वर्षाच्या आसपास, एकदा दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर. "बघ बाई, किती करतात तिकडे," असं आत्या फोनवर म्हणाली तेव्हा मला लागलंच. म्हटलं, आपल्या आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातात. मोजून पाच वेळा! आता मिरजेत आमच्या कॉलनीत त्यांना कुणी कधी पाहिलं नाही, हा भाग वेगळा.

तर ती रांगत रांगत सॉकेटपाशी थांबली. आमचं घर जुनं, त्यामुळे सॉकेट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. त्यांच्यावर मी पांढरी प्लॅस्टिकची झाकणं बसवली होती. चोवीसचं पाकीट. पोरगी पहिल्यांदा पालथी पडली त्याच आठवड्यात मागवली होती आणि हॉस्पिटलची बॅग भरल्यानंतर मला इतकं जबाबदार कधीच वाटलं नव्हतं. आता शाबासकी मिळणार म्हणून मी जरा पुढे सरकले. तिने नखाने एक झाकण उचकटलं, माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, ही सगळी काढून टाक.

मनात पहिलं काय आलं ते प्रामाणिकपणे लिहिते: हिला काय कळतंय?

मग तिने दाखवलं. इथल्या पिनेला तीन चपटे पाय असतात, त्यातला वरचा, अर्थिंगचा, इतर दोघांपेक्षा लांब. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून पडदा असतो. लांब पाय आधी आत शिरतो, पडदा बाजूला सारतो, मगच बाकीचे दोन आत जातात. म्हणजे पोरीने खालच्या भोकात हेअरपिन घातली तरी ती प्लॅस्टिकवर आपटणार. सॉकेट मुळातच बंद आहे. आणि माझं झाकण? तिने ते उलटं करून सॉकेटच्या कडेला धरलं, त्याचा लांब पाय अर्थिंगच्या भोकात घातला आणि मोबाइलची बॅटरी लावून मला खाली वाकायला सांगितलं. दोन्ही भोकं सताड उघडी. आत पितळ चमकत होतं.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

शिवाय या झाकणांना इथे कसलंच मानक नाही. कुणाचे पाय जाड, कुणाचे बारीक. जाड पाय आतल्या पट्ट्या फाकवतो आणि मग खरी पिन सैल बसून तापते. २०१६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने आपल्या अखत्यारीतल्या ठिकाणांहून ही झाकणं काढायला लावली. दुकानात मात्र अजून विकतात, वर हसऱ्या बाळाचा फोटो लावून. मी त्या फोटोलाच भुलले होते.

त्या रात्री पोरगी झोपल्यावर मी दोन तास पिनेबद्दल वाचत बसले. नवरा म्हणाला, एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर. पण मला ते सोडवेना. दुसरं महायुद्ध चालू असताना इथे एक समिती बसली होती: युद्ध संपल्यावर नवीन घरं बांधायची, तर त्यांत वीज कशी असावी? त्या समितीत एकच बाई, कॅरोलिन हॅसलेट. बायकांच्या हातची कामं विजेवर यावीत म्हणून आयुष्यभर झटलेली. समितीने अहवालात स्पष्ट लिहिलं की लहान मुलांसाठी सॉकेटला पडदे हवेत. बाहेर युद्ध चाललंय आणि आत ही मंडळी, रांगणारं पोर भोकात काय घालेल याचा विचार करत बसली आहेत. हे वाचून मला उगाच भरून आलं. (रात्रीचे दीड वाजले होते, हेही लक्षात घ्या.)

आणि या पिनेचं मानक प्रसिद्ध झालं कधी? १९४७ साली! आपल्या गोल पिना मूळच्या यांच्याच, त्याच्या आधीच्या मानकातल्या. जाताना जुनी पिन आपल्याकडे ठेवून गेले आणि घरी नवी बसवली. हे मी नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तो म्हणाला, कोहिनूर सोडून तू पिनेवर का आलीस? पण मुद्दा बिनतोड आहे. आता आपल्याकडेही पडद्यांची सॉकेट मिळतात, बाबांनी गेल्या वर्षी घरी बसवली. आणि खरं सांगायचं तर आपल्याला त्यांची इतकी गरजही नव्हती. आपले बोर्ड असतात छातीच्या उंचीवर. पोराचा हात पोचेपर्यंत ते शाळेत जायला लागतं आणि खटका म्हणजे काय हे त्याला कळायला लागतं. वीतभर उंचीवर वीज आणून ठेवायची आणि मग पडद्याचं कौतुक करून घ्यायचं, यात कसला आलाय मोठेपणा?

चहाचंही तेच. आलं घालून चांगला उकळलेला चहा मी तिच्यासमोर टीपॉयवर ठेवला. तिने कप उचलून उंच शेल्फवर नेला. गरम पेय केल्यावर १५ मिनिटांनीसुद्धा बाळाला भाजू शकतं म्हणे. तिने तो चहा जाता जाता उभ्यानेच, थंडगार प्यायला आणि "लव्हली" म्हणाली. पाहुण्याला गार चहा दिल्याची रुखरुख मला अजून आहे.

पण खरा वैताग पुढे आहे. बेडरूममध्ये घरमालकाचं पाच खणांचं, माझ्या खांद्याइतकं उंच ड्रॉवरचं कपाट आहे. तिने ते बोटाने नुसतं हलवलं आणि गप्प झाली. मूल खालचा खण ओढतं, त्यात पाय देतं, वरचा ओढतं, की झाला जिना. खण बाहेर आले की कपाटाचं वजनही पुढे येतं आणि त्यात दहा किलोचं लोंबकळणारं पोर. अमेरिकेत २०१६ मध्ये एका कंपनीने असली २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली, मुलं दगावल्यावर. उपाय म्हणाल तर एक पट्टी आणि भिंतीत दोन स्क्रू.

भिंतीत. म्हणजे एजंटला विचारा.

मी मेल केली. चार दिवसांनी उत्तर आलं: कराराचं अमुक कलम पाहावं. मी कपाटाचा फोटो पाठवला, पोरीचाही पाठवला, जितका गोंडस मिळेल तितका. उत्तर: घरमालकाला विचारतो. घरमालक हिवाळाभर स्पेनमध्ये. मी परत मेल केली. एकोणिसाव्या दिवशी निकाल लागला: भिंतीला भोकं पाडायला परवानगी नाही, मुलावर सदैव लक्ष ठेवावं असं सुचवतो.

सुचवतो!

मी लिहिलं की घर सोडताना भोकं बुजवून देऊ. तर म्हणे मग त्यांच्या माणसाकडूनच करून घ्यावं लागेल, आमच्या खर्चाने, आणि नंतर ती अख्खी भिंत रंगवून द्यावी लागेल. आमचं पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट अडकलेलं आहे, रुपयांत मोजलं तर दीड लाखाच्या वर. घर ताब्यात घेताना केलेल्या यादीत प्रत्येक ओरखड्याचा फोटो आहे, प्रत्येक डागाचा आहे. त्याच यादीत, त्याच भिंतीपुढे नोंद सापडली: 'जुनी भोकं, चार.' मी टेप घेऊन धावले. त्या चार भोकांत स्क्रू बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन इंचांनी हुकतात.

यांच्या भिंतीतल्या सॉकेटला पोराच्या काळजीने पडदा आहे आणि त्याच भिंतीला पोराच्या काळजीने दोन भोकं पाडायची म्हटलं तर रंग खराब होतो. हे मला आजतागायत समजलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला समजलं तर मला सांगू नका, रागात बरी आहे.

शेवटी आम्ही दोघांनी ते धूड ढकलत छोट्या खोलीत नेलं आणि त्या खोलीच्या दाराला, आमच्याच डोक्याच्या उंचीवर, आकडा लावला. (दाराला भोक चालतं का, हे मी विचारलेलं नाही.) कपडे आता बॅगांत. महिना झाला, रोज गावाला निघाल्यासारखे राहतोय. टीव्ही आमचा आणि स्टँडही आमचा, भक्कम लाकडी, म्हणून टीव्ही स्टँडशीच पट्ट्याने करकचून आवळला. खिडकीच्या पडद्यांच्या लोंबत्या साखळ्या वर गुंडाळून टाकल्या. २०१४ पासून इथे त्याचेही नियम आहेत, पण आमचे पडदे त्याच्याही आधीचे.

जाताना तिने एक कागद दिला. त्यावर नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्यांचं होतं. त्यांतली मोठी, वीस मिलिमीटरवाली, पोराने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर ती तिथल्या ओलाव्यात वीज सोडते, तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. उलटी काढायला लावायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, थेट इमर्जन्सी गाठायची. कागदावर यादी होती: रिमोट, गाडीची किल्ली, वजनकाटा, गाणारी ग्रीटिंग कार्डं. मी घरभर फिरले, सगळं तपासलं, झाकणांना स्क्रू आहेत ना ते पाहिलं. आणि मग देवघरापाशी थांबले.

बॅटरीवरच्या पणत्या, गेल्या दिवाळीतल्या, दहा. खालचं झाकण नखाने उघडतं. गणपतीच्या मखराची दिव्यांची माळ, तिची डबीही तशीच. आणि सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन गेल्या तेव्हा विसरलेला, बोटात घालायचा जप मोजण्याचा काउंटर. आकार रंगीत गोळीसारखा, बटण दाबलं की दिवा लागतो. पोराने तोंडात घालावा म्हणूनच बनवला असावा. यातलं एकही त्या कागदावर नव्हतं. मी हेल्थ व्हिजिटरला फोटोंसकट मेल केली. तिने आभार मानले आणि काउंटर नेमका कशासाठी असतो ते विचारलं. मी पाच ओळींत नामस्मरण समजावून सांगितलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. सासूबाईंना मात्र 'काउंटर जपून ठेवलाय' एवढंच कळवलं.

हे सगळं आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिचं नेहमीचं: "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तुम्ही वाढलातच ना?" एका अर्थी खरंय. आमच्या घरी आजी, काका, काकू, दोन आत्या. पोर कुणाच्या ना कुणाच्या नजरेत. पाळत ठेवायला सहा माणसं असली की पट्ट्या आणि आकडे लागत नाहीत. इथे मी एकटी, नवरा आठवड्यातले तीन दिवस लंडनला, म्हणून हा सगळा खटाटोप. हे मी मैत्रिणींनाही ऐकवते, आणि ऐकवताना मला पटतंही.

फक्त त्या दिवशी मी उजव्या हाताची तर्जनी स्क्रीनसमोर धरली. टोक जरासं चपटं आहे, नख अर्धंच येतं. दीड वर्षाची असताना काकूच्या शिवणयंत्राच्या चाकात गेलं होतं. दुपारचे चार, घरात सहा माणसं, चहा चाललेला.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते मशीन तेव्हाच माळ्यावर टाकलं."

डिसेंबरात आम्ही मिरजेला जातोय. परवा बाबांचा मेसेज आला: सुताराला बोलावून मधल्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट, टीव्हीचं युनिट आणि आईचं ड्रेसिंग टेबल, तिन्ही भिंतीला पक्की करून घेतली. दोन तासांचं काम. मी जळफळत विचारलं, किती भोकं पाडली? म्हणाले, बारा, आणि एक चुकून. सोबत फोटो होता. लोखंडी पट्ट्या, जाडजूड स्क्रू, खाली अजून न झाडलेला भुसा. मी फोटो मोठा करून प्रत्येक पट्टी पाहिली, कौतुकाने खाली खाली आले, तर कपाटाच्या पायाशी जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड. खटका चालू, लाल दिवा लागलेला, बाबांचा मोबाइल चार्जिंगला, आणि शेजारची तीन गोल भोकांची रिकामी जागा आ वासून.

मी लगेच फोन लावला. एंगेज होता. मोबाइल चार्जिंगला लावूनच बोलत असणार.