माळ्यावरचा माल : आमची वाटचाल

नागपुरात बेअरिंगच्या दुकानांना तोटा नाही. 6205, 6306 असे मिलिमीटरच्या मापाचे चालू नंबर कोणत्याही काउंटरवर मिळतील. आमचं दुकान टिकलं ते इंची, म्हणजे इंचाच्या मापाच्या मालावर. हाच माल किलोच्या भावात मागणारे आज शहरात 'जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट' म्हणून मिरवतात, म्हणून हे एकदा लिहून ठेवतो.

वडिलांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कापडाच्या मिला. विलायती मशिनरी, सगळं इंचात. 1877 पासूनची एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली तेव्हा आमच्या माळ्यावर खोकीच्या खोकी पडून होती. भांडवल अडकलेलं, बँकेचं व्याज चालू. त्यातच आमच्या काउंटरवर तयार झालेल्या पोरानं दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटलं. थाटावं, त्याला ना नाही. पण जाताना आमचे सगळे रेट पाठ करून गेला आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगत सुटला, "त्यांच्याकडे मिलचं भंगार आहे." ट्रकवाल्या पार्ट्या एकेक करून गळाल्या. वर दिवाळीच्या तोंडावर स्वतःच येऊन बसला. "भाऊ, माळा खाली करून टाका, किलोवर घेऊन घेतो." वडील म्हणाले, "चहा पी अन् जा." त्या वर्षी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, माळ्यावरचं खोकं हललं नाही.

तगलो ते धरमपेठेतल्या एका डॉक्टरसाहेबांमुळे. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची विलायती गाडी. न्यूट्रलमध्ये घरघर, क्लच दाबला की आवाज बंद. जाणत्यानं इथेच ओळखावं की इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलं. त्यावरचा नंबर पार घासलेला. आमच्या वडिलांनी मायक्रोमीटर लावला: आतून 25.4, बाहेरून 63.5, जाडी 19.05 मिलिमीटर. म्हणजे एक, अडीच आणि पाऊण इंच. सगळे डॉक्टरसाहेबांच्या गळ्यात 6305 मारत होते, जे 25, 62 आणि 17 चं. ते शाफ्टवर चढणार नाही आणि हाउसिंगमध्ये, म्हणजे ते बसतं त्या घरात, खुळखुळेल. आमच्या त्या स्पेशालिस्टनं तर शाफ्ट घासून, हाउसिंगला बुश मारून बसवून देतो म्हटलं होतं. एकदा शाफ्ट घासला की मूळ मापाचं बेअरिंग त्याला पुन्हा लागत नाही, ही गोष्ट मात्र सांगितली नव्हती.

माप माळ्यावर निघालं. मेणकागद अंगाला चिकटलेला, आतलं ग्रीस वाळून पिवळं घट्ट झालेलं. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशनं धुतलं, हातावर फिरवलं तर आवाज नाही. अडचण एकच: गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बाहेरच्या रेसवर, म्हणजे कड्यावर, खाच लागते, तिच्यात रिंग बसते, म्हणजे शाफ्ट मागेपुढे सरकत नाही. मिलच्या मालाला खाच कुठून असणार? रेस इतकी कडक की लेथचं साधं टूल चालत नाही. आमच्या उस्तादांनी ती ग्राइंडरवर काढली, सावकाश, थंड पाणी सोडत, रेस तापू न देता. गाडी सुरू झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी बिलाच्या वर एक पैसा दिला नाही, पण भोपाळ, रायपूर, अमरावतीचे हौशी लोक आमच्याकडे पाठवायला लागले. आजही पाठवतात. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विचारलं नाही तरी सांगतो. गाडीचं नाव घेऊन बेअरिंग मागू नका, माप घेऊन या. मेट्रिक नंबर असेल तर शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, हे आतलं माप: 6207 म्हणजे 35. पण शेवटचे आकडे 04 च्या खाली असतील तर हा हिशेब लावू नका. शाफ्टवर चढवताना पाइपचा दाब आतल्या रेसवरच द्या. बाहेरच्या रेसवर हातोडी मारली की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून बोंबलतं. धुतल्यावर कंप्रेसरच्या हवेनं गरगर फिरवायची पोरांना फार हौस असते, तेवढं करू देऊ नका.

स्पेशालिस्टांचा पोरगा अलीकडे इंची माल मागायला येतो. त्यालाही देतो. मात्र रोखीत, आणि नगाच्या भावात.