बिग बर्थाचं बूड बदलताना

बिग बर्था हे एस्टेस कंपनीचं जुनं, जाडजूड, दोन फुटी मॉडेल रॉकेट. बहीण टेक्सासहून आली ती भाच्याने दिलेलं त्याचं किट घेऊनच. सोबत त्याचा व्हॉइस मेसेज: "मावशी, तू बनव, मी उडवतो. पण यात डी इंजिन बसलं पाहिजे." मला काय, मुलुंडच्या घरात डायनिंग टेबल अडवून बसायला निमित्तच हवं असतं.

मुंबईत उडवायचा प्रश्न नव्हता. इंजिन म्हणजे स्फोटक दारू ठासलेलं नळकांडं, ते विमानातून आणता येत नाही, इथे ते १८८४च्या स्फोटक कायद्यात अडकतं, आणि डोक्यावरून सारखी विमानं जातात ती वेगळीच. तेव्हा बांधकाम माझं, आकाश त्याचं.

किटमधलं इंजिनाचं घर १८ मिमीचं, सी६-५ साठी. सी म्हणजे एकूण ताकद १० न्यूटन-सेकंदांपर्यंत, ६ हा सरासरी जोर न्यूटनमध्ये आणि ५ म्हणजे जळून झाल्यावर पॅराशूट सुटेपर्यंतचे सेकंद. डी१२-५ची ताकद याच्या दुप्पट आणि जाडी २४ मिमी. लांबी मात्र दोघांचीही ७० मिमी, त्यामुळे किटमधला, इंजिन धरून ठेवणारा हूक तसाच चालतो.

नुसत्या उंचीसाठी डी हवं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. उंच गेलेलं रॉकेट शोधायला मग अर्धा तालुका तुडवावा लागतो. पण भाच्याच्या मैदानावर वारा फार. सी६चा जोर जास्तीत जास्त १४ न्यूटनच्या आसपास, त्यावर बर्था उडवायच्या उभ्या दांडीवरून रमतगमत निघते आणि सुटल्या सुटल्या वाऱ्याकडे तोंड वळवते. डी१२ सुरुवातीलाच ३०च्या घरात जातं. हे कारण मला पटलं.

इंजिनाच्या घराची नवी, २४ मिमीची नळी घरीच वळली. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा तुकडा मिळाला, बाहेरून २२.२ मिमी. त्यावर कागद गुंडाळत २४च्या किंचित वर नेला, वरून पॉलिथिन, आणि मग खाकी कागदाचे फेविकॉल लावलेले वेढे. पावसाळ्यात हे काम म्हणजे संयमाची परीक्षा. सकाळी सहज सरकणारी नळी संध्याकाळी दमट हवेने फुगून आवळते. आतून फेविक्विकचा हात फिरवला तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. तरी माप जरा सैलच ठेवलं. इंजिन हलत असेल तर त्याला मास्किंग टेपचा एक वेढा देता येतो; घट्ट नळी मैदानावर रुंद करता येत नाही.

नळी मधोमध धरणाऱ्या रिंगा किटमध्ये होत्या, पण त्यांचं भोक ब्लेडने मोठं करायला गेलं की ते हमखास एका बाजूला सरकतं. मग जोर तिरका लागतो आणि रॉकेट वळत जातं. म्हणून नव्या कापल्या, लग्नपत्रिकांच्या. पत्रिकेइतका कडक, गुळगुळीत पुठ्ठा विकत आणूनही मिळत नाही. गणपतीची बाजू कापवेना. ती देवघराच्या खणात गेली. मजकुराचे तुकडे एकावर एक चिकटवले, पुस्तकांखाली दाबले आणि कंपासने आखून बाहेरून साडेचाळीस मिमी ठेवून कापले. बर्थाच्या पोटात आता गोल फिरत "आमच्या येथे श्रीकृपेकरून" असं लिहिलेलं आहे.

खरी मेख पुढच्या टोकाला. इंजिनाचा सगळा धक्का एकट्या हुकाच्या वाकवलेल्या टोकावर सोडू नये. ३० न्यूटन म्हणजे तीन किलोंचा रेटा. म्हणून हुकाच्या पुढे, नळीच्या आत जाड कागदी कडं बसवलं. रिंगांच्या कडा फेविकॉलने दोन्हीकडून भरल्या आणि खोलीत अंधार करून मागून टॉर्च मारला. नळीच्या बाहेर, रिंगेच्या कडेने उजेड दिसला तर तिथूनच पॅराशूट ढकलणारा गरम वायू मागे निसटणार. एका ठिकाणी दिसला, तिथे पुन्हा फेविकॉल.

डी१२ सी६पेक्षा वीसेक ग्रॅमनी जड, आणि हे वजन नेमकं शेपटीत. तोल मागे सरकला तर कितीही जोर असो, रॉकेट गटांगळ्या खातं. तोलाचा बिंदू हवेचा दाब जिथे एकवटतो त्या केंद्रापुढे निदान रॉकेटच्या एका जाडीइतका हवा. ओल्या रेतीने ४३ ग्रॅमचं खोटं इंजिन भरलं, पॅराशूटसकट रॉकेट दोऱ्याला टांगलं आणि तोल पूर्वी सी६ला होता तिथे येईपर्यंत नाकात वॉशर टाकत गेले. बहिणीने शाडू सुचवली, घरात गणपतीची उरलेली होतीच. पण शाडू वाळली की सुटते आणि नाकात खुळखुळते. वॉशर ॲरल्डाइटने पक्के केले.

फिन्स, रंगकाम नेहमीसारखंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. किटची मूळ १८ मिमीची नळी मात्र वाया घालवली नाही. तिला छोट्या रिंगा लावून २४च्या घरात सरकेल असा अ‍ॅडॉप्टर केला, म्हणजे वारा नसेल त्या दिवशी सी६-५वरही भागेल. भाच्याला कळवलंय, अ‍ॅडॉप्टर लावलास तरी नाकातलं वजन तसंच असणार. तेव्हा सीहून कमी ताकदीचं बी इंजिन लावायच्या फंदात पडू नकोस.