तवा तापला की थेंब वाचतो

तवा तापला का, हे बघायला ओली बोटं झटकायची रीत घरोघरी आहे. चर्र झालं की आंबोळी घालायची, नाही झालं की थांबायचं. थंड तवा चर्र करत नाही, यात नवल नाही. नवल हे की अति तापलेला तवाही करत नाही. त्याच्यावर पडलेला थेंब गोल गोळी होऊन सैरावैरा पळत सुटतो आणि चांगला अर्धा मिनिट तग धरतो. तोच थेंब १३०-१४० अंशांच्या तव्यावर पसरून बघता बघता संपला असता.

जास्त आच, जास्त आयुष्य. हिशेब उलटा वाटतो खरा.

तव्याने साधारण २०० अंश ओलांडले की थेंब पुरता टेकायच्या आतच त्याच्या बुडाची वाफ होते आणि उरलेला थेंब त्या वाफेवर तरंगतो. हा थर जेमतेम कागदाएवढा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. पण वाफ पाण्याच्या मानाने वीस-पंचवीस पटींनी कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे एवढंसं अस्तरही पुरतं. कडेने निसटणाऱ्या वाफेची भरपाई थेंब स्वतःतूनच करत राहतो. झिजतो, पण हळूहळू. खाली घर्षण जवळपास नसल्याने जरा उतार मिळाला की निघाला. तव्याला पोक कुठे आला आहे, हे या थेंबाइतकं चोख कुणी सांगत नाही.

याला लायडनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. योहान गोटलोब लायडनफ्रॉस्ट हे जर्मनीतल्या डुइसबुर्गचे वैद्यकाचे प्राध्यापक. १७५६ मध्ये त्यांनी साध्या पाण्याच्या गुणांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यातल्या प्रयोगाला सामान लागलं ते एवढंच: लोखंडी चमचा, विस्तव आणि पाणी. लालबुंद चमच्यातला पहिला थेंब अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकला. चमचा जरा निवल्यावर टाकलेला दुसरा दहाएक सेकंद, आणि त्यानंतरचे आणखी लवकर आटोपले. चमचा निवतोय आणि थेंब लवकर मरतोय, हे सेकंद मोजून लिहून ठेवणारा माणूस चिवटच म्हणायचा.

लोहाराच्या भात्यापाशी मात्र हे वाफेचं अस्तर शत्रू ठरतं. विळ्याला पाणी द्यायचं म्हणजे लाल पातं झटक्यात निववायचं. पोलाद कडक होतं ते त्या झटक्यामुळे. पण पातं पाण्यात गेल्या गेल्या त्याच्याभोवती वाफ गुंडाळली जाते आणि पहिले काही क्षण ते निवतच नाही म्हटलं तरी चालेल. अस्तर फाटलं की मग पाणी खवळतं. ते एकीकडे आधी आणि दुसरीकडे उशिरा फाटलं, तर पात्यावर मऊ डाग राहतात आणि धार तिथेच बसते. म्हणून पातं पाण्यात नुसतं सोडून द्यायचं नाही, हलवत राहायचं. पाण्यात मीठ घातलं तर अस्तर आणखी लवकर फाटतं. मात्र निवणं फारच जलद झालं तर पात्याला तडा जायची भीती असते.

जपानच्या शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये पाण्यात बुडवलेली तार विजेने तापवून हाच मामला मोजला. तार उकळबिंदूच्या तीसेक अंश वर असताना पाणी तिच्याकडून सर्वाधिक उष्णता ओढून घेतं. वीज त्यापुढे वाढवली की तारेभोवती वाफ दाटते, उष्णतेला वाट उरत नाही आणि तार एकाएकी शेकडो अंशांनी तापून जळून तुटते. अणुभट्टीतल्या इंधनकांड्या या टोकापासून पुरेशा अलीकडे ठेवाव्या लागतात, त्या याच धास्तीने.

आता पुन्हा चुलीपाशी. थेंब नाचत असेल तर आंबोळीचं पीठ घालू नका. पीठ काही तरंगत नाही, पण त्यातला तांदळाचा स्टार्च ७०-८० अंशांनाच घट्ट होतो. पळी फिरवायच्या आत पीठ धरतं आणि पळीबरोबर गोळा होऊन येतं. आच कमी करा, पाण्याचा हबका मारा, तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवा, आणि पुढचा थेंब पसरून चर्र करतो का बघा. घावनाची गोष्ट वेगळी. ते पातळ पीठ पसरायचं नसतं, वरून ओतायचं असतं. तवा कडक असेल तरच जाळी पडते. आणि नॉनस्टिकवर ही परीक्षा नकोच. थेंब नाचायला लागतो २०० च्या आसपास, मुलामा बिघडायला लागतो २६० च्या आसपास, आणि मधलं अंतर थेंब सांगत नाही.

लायडनफ्रॉस्टचा प्रयोग बिडाच्या कोरड्या तव्यावर घरी करता येतो. तेलाचा अंश नको, नाहीतर पाणी तेलाखाली जाऊन तेल अंगावर उडवेल. तवा मोठ्या आचेवर पाचेक मिनिटं तापवा, चमचाभर पाणी घाला आणि गॅस बंद करा. पाण्याचा एकच जाडसर गोळा मध्याकडे घरंगळतो आणि तिथे डुलत बसतो, गुपचूप. तवा निवत जातो, गोळा तसाच. मग आता काही होत नाही असं वाटत असतानाच तो तव्याला टेकतो, आणि सगळं पाणी एका दमात चर्र करून उडून जातं.