आई अपात्र, मूल पात्र

कोबॉल या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेली यंत्रणा बंद करायची आणि तिच्या जागी नवी आणायची, प्रोजेक्टवर विश्लेषक म्हणून घेताना मला एवढंच सांगितलं होतं. 'मायग्रेशन' आहे म्हणाले. यंत्रणा कशाची? तर बेताच्या कमाईच्या घरांतल्या मुलांना सरकारी आरोग्य विमा मिळणार की नाही, हे ठरवणारी. अमेरिकेच्या मधल्या भागातलं एक राज्य. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या एकट्या राज्याचं नाही.

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड आहे, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. पण मेडिकेड मिळावं इतके गरीब नाहीत आणि खाजगी विमा परवडावा इतकी कमाईही नाही, अशा घरांतली मुलं मध्येच लटकायची. त्यांच्यासाठी १९९७ साली चिप, म्हणजे चिल्ड्रन्स हेल्थ इन्शुरन्स प्रोग्रॅम, सुरू झाला. डेमोक्रॅट टेड केनेडी आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी मिळून तो रेटला. आज असं काही होईल यावर इथे कोणाचा विश्वास बसत नाही. पैसा केंद्राचा आणि राज्याचा मिळून, नियमांचा सांगाडा केंद्राचा, बाकी राज्याची मर्जी. नावंसुद्धा राज्यागणिक वेगळी: जॉर्जियात पीचकेअर, कनेटिकटमध्ये हस्की, आणि व्हरमाँटमध्ये चक्क डॉक्टर डायनासॉर.

आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कित्येक वर्षं शिधापत्रिकेचा रंग बघून काम भागायचं. पिवळी किंवा केशरी असली की झालं. इथे तसा कुठला रंग नाही. प्रत्येक अर्ज आला की घरात कोण कोण, कोणाची कमाई किती, वय काय, नागरिकत्व काय, हे सगळं पहिल्यापासून मोजायचं, आणि दर वर्षी पुन्हा मोजायचं. हे मोजणारं जे सॉफ्टवेअर, ते 'एलिजिबिलिटी सिस्टिम'.

आमच्या राज्याची मूळ यंत्रणा मेनफ्रेमवरची. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउस नाही, एफ-कीज दाबत पुढे जायचं. ती बांधली तेव्हा चिपचा जन्मही झालेला नव्हता, त्यामुळे चिपसाठी नंतर वेगळी यंत्रणा, वेगळा ठेकेदार. मुलाच्या आईला ओव्हरटाइम मिळाला की मूल मेडिकेडमधून चिपमध्ये, ओव्हरटाइम गेला की परत मेडिकेडमध्ये. ही ये-जा रात्रीच्या बॅचमधून एका फाइलने व्हायची. फाइलमधली एखादी नोंद नाकारली गेली तर ती 'एक्सेप्शन रिपोर्ट' नावाच्या यादीत पडे, आणि ती यादी कोणीतरी सकाळी उघडून बघेल असं गृहीत धरलेलं होतं. ती व्यक्ती रजेवर असेल त्या आठवड्यात मूल एका यंत्रणेतून बाहेर पडलेलं आणि दुसरीत न पोचलेलं. डॉक्टरकडे काउंटरवर कार्ड चालत नाही तेव्हा घरच्यांना कळायचं.

नव्या यंत्रणेसाठी पैसा ही अडचण नव्हती. २०११च्या नियमापासून अशा बांधणीला डॉलरमागे ९० सेंट केंद्र देतं, आणि यंत्रणा चालू झाल्यावरच्या देखभालीला ७५. अडचण होती ती नियम कुठे लिहिले आहेत हे शोधण्याची. धोरणाची पुस्तिका होती, कोबॉलचा कोड होता, आणि तिसरी गोष्ट म्हणजे केसवर्करांच्या, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. तिघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं, आणि प्रत्यक्षात चालत होतं ते चिठ्ठ्यांवर.

एका जिल्हा कार्यालयात निवृत्तीला आलेल्या एक केसवर्कर बाई होत्या. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसायचे. एकदा त्यांनी एक केस उघडली, त्यात मुलाचं नाव 'बेबीबॉय'. मी विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "आई मेडिकेडवर असली की बाळ जन्मताच वर्षभर पात्र. हॉस्पिटल लगेच कळवतं, पण बाळाचं नाव ठरलेलं नसतं, आणि स्क्रीन नावाशिवाय पुढे सरकत नाही. मग हेच लिहायचं." पुढे बारसं होतं, म्हणजे इथल्या पद्धतीने जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटी नंबर येतो, आणि दुसरा कोणीतरी त्याच बाळाची नव्याने नोंद करतो. एक मूल, दोन आयडी. पहिल्याच्या शेऱ्यात लिहिलेलं: 'हे बाळ दुसऱ्या नंबरावर सापडेल.' दुसरा नंबर मात्र लिहिलेला नाही.

डेटा नव्या यंत्रणेत नेताना अशा दुहेरी नोंदी एकत्र करायच्या होत्या. आईचा आयडी तोच आणि जन्मतारीख तीच, तर मूल एकच, असं सूत्र टीमने मांडलं. दिसायला निर्दोष. बाईंना दाखवलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जुळी?" त्या सूत्राने राज्यातल्या सगळ्या जुळ्यांतलं एकेक भावंड गायब झालं असतं. शेवटी जिथे शंका आहे ती प्रत्येक जोडी माणसाच्या डोळ्यांखालून घालायची असं ठरलं. वेळापत्रक घसरलं, व्यवस्थापक कुरकुरले, पण माझ्या मते त्या सबंध प्रोजेक्टमधला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

चाचणीसाठी लागणारी बनावट कुटुंबं पुण्याच्या टीमकडून यायची. खरा डेटा देशाबाहेर न्यायला करारानेच बंदी होती. पुण्याची मुलं हुशार, काम चोख, पण त्यांची कुटुंबं फार सुबक: आई, वडील, दोन मुलं, दोन पगार. इथली प्रत्यक्षातली घरं निराळी. २०१४ पासून उत्पन्न आणि कुटुंब मोजायची पद्धत प्राप्तिकराच्या व्याख्येवर आणली गेली, तिला मॅगी म्हणतात. तिच्यात एक घर घ्या: आजी, तिची कॉलेजात जाणारी एकवीस वर्षांची मुलगी आणि त्या मुलीचं बाळ. कराच्या विवरणपत्रात आजी दोघांना आपल्यावर अवलंबून दाखवते. आता मुलीची पात्रता बघताना कुटुंब तिघांचं, आजीच्या पगारासकट. बाळाची बघताना मात्र त्याला आई-वडिलांखेरीज दुसऱ्याने अवलंबून दाखवलंय, म्हणून वेगळा नियम लागतो आणि कुटुंब दोघांचं होतं, बाळ आणि त्याची आई. आजीचा पगार त्यात धरायचाच नाही. छप्पर एक, माणसं तीन, आणि हिशेब माणसागणिक वेगळा.

हे मी पुण्याला कॉलवर समजावलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता. मग टीमलीड म्हणाला, "ताई, म्हणजे कुटुंब असं काही नसतंच. प्रत्येकाचं स्वतःचं कुटुंब असतं." अगदी हेच. आणि जुनी यंत्रणा नेमकी इथेच उलटी होती. तिच्यात मुख्य वस्तू होती 'केस'. केसला एक क्रमांक, एक तारीख, एक पत्ता, एक निकाल. माणसं त्या केसच्या आत भरलेली.

हे किती महागात पडतं ते २०२३ साली सगळ्या देशाला कळलं. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी केलेल्या कायद्यामुळे मेडिकेडमधून लोकांना काढणं जवळपास थांबलं होतं. ती सवलत ३१ मार्च २०२३ला संपली आणि राज्यांनी एकेकाची पात्रता पुन्हा तपासायला घेतली. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात अडीच कोटींहून जास्त लोकांचा विमा गेला, त्यातल्या बहुतेकांचा अपात्र ठरल्यामुळे नव्हे, तर फॉर्म परत न आल्यासारख्या कागदी कारणांनी.

नियम असा आहे की फॉर्म पाठवण्याआधी राज्याने आपल्याकडच्या माहितीवरून, म्हणजे पगाराच्या सरकारी नोंदी, सोशल सिक्युरिटी वगैरे बघून, स्वतःच नूतनीकरण करून पाहायचं. त्याला 'एक्स पार्टे' म्हणतात. आता २०२३ चं चार माणसांचं घर घ्या. दारिद्र्यरेषा वर्षाला ३०,००० डॉलर, म्हणजे महिन्याला २,५००. आई-वडिलांची मिळून महिन्याची कमाई ४,००० असेल तर ती रेषेच्या १६० टक्के. मेडिकेड वाढवलेल्या, म्हणजे जास्त मोठ्या माणसांना खुलं केलेल्या, राज्यांत मोठ्यांची मर्यादा १३८ टक्के, म्हणजे ३,४५०. आई-वडील बाहेर. पण मुलांची मर्यादा बहुतेक राज्यांत २०० टक्के किंवा त्याच्या वर, म्हणजे मुलं आरामात आत. सरकारी नोंदींवरूनच हे दिसतंय, मुलांबद्दल काही विचारायची गरजच नाही. पण जुन्या तर्कात घरातला एक जरी माणूस आपोआप पुढे सरकला नाही तर सबंध केसला फॉर्म जाई. फॉर्म जुन्या पत्त्यावर गेला, परत आला नाही, की सगळे बाहेर. मुलंसुद्धा.

३० ऑगस्ट २०२३ला मेडिकेड आणि चिपवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या सीएमएस या संस्थेने राज्यांना पत्र लिहून बजावलं की हे बेकायदा आहे, तपासणी माणसागणिक झाली पाहिजे. सप्टेंबरमध्ये २९ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून जवळपास पाच लाख लोकांना, त्यात मुलंच खूप, विमा परत द्यावा लागला.

ते पत्र आलं त्या दिवशी मी फ्लोचार्ट उघडून बसले होते. सगळ्यांत वर एक चौकट: 'केस एक्स पार्टेला पात्र आहे का?' खाली दोन बाण, हो आणि नाही. ती एक चौकट खाली सरकवून प्रत्येक व्यक्तीच्या फेऱ्यात घालायची, एवढाच बदल. कागदावर दहा मिनिटांचा. पण तिच्यावर सगळंच टेकलेलं होतं: नूतनीकरणाची तारीख केसला, नोटीस केसला, अपिलाची मुदत केसला. नवी यंत्रणा अर्धी बांधून झाली होती, आणि तिच्यात आम्ही केसची तीच रचना उचलून आणत होतो, कारण करारात लिहिलं होतं 'सध्याचं कामकाज जसंच्या तसं'. सध्याचं कामकाज बेकायदा ठरल्यावर मात्र वकील, अधिकारी, ठेकेदार सगळे एका खोलीत आले, आणि तारीख व निकाल व्यक्तीला चिकटवायचं मान्य झालं. मी आणि आणखी दोघं-तिघं हे आधीपासून सांगत होतो, पण विश्लेषकाच्या सांगण्याला केंद्राच्या पत्राचं वजन नसतं.

नोटिशींचं काम मला सर्वांत आवडलं. जुनी नोटीस सगळी कॅपिटल अक्षरांत. पहिल्या पानावर आईच्या नावाने 'तुमचा विमा अमुक तारखेला संपत आहे', मग कायद्याच्या कलमांचं पानभर जंगल, आणि तिसऱ्या पानावर, मुलाचा विमा चालू आहे. तिसऱ्या पानापर्यंत कोण जातं? केसवर्कर बाई म्हणायच्या की आया हे पत्र वाचून मुलाची लसीकरणाची अपॉइंटमेंट रद्द करतात. नव्या नोटिशीत पहिल्याच पानावर तक्ता आला: प्रत्येकाचं नाव, समोर चालू की बंद, कधीपासून, का. मुलं वर, मोठे खाली. मुलं वर ठेवण्यावरून झालेला वाद इथे सांगत नाही, पण तो झाला.

मग पॅरलल रन. त्याच केसेस जुन्या आणि नव्या यंत्रणेतून काढायच्या आणि निकाल ताडून बघायचे. फरक आला की प्रत्येकाला वाटतं नवीच चुकली. तसं नव्हतं. एका ठिकाणी जुनी यंत्रणा मुलाच्या पोटगीची रक्कम उत्पन्नात धरत होती, जी २०१४ पासून धरायचीच नाही. दुसरीकडे आठवड्याच्या पगाराचा महिना करताना एक ४.३ने गुणत होती आणि दुसरी ४.३३३ने. आठवड्याला ९०० डॉलर असतील तर ३,८७० आणि ३,९००. तीस डॉलरचा फरक, आणि मर्यादेच्या काठावरच्या घरासाठी सगळाच फरक. पुस्तिकेत ४.३ होतं, तेच कायम केलं.

त्यात १ जानेवारी २०२४ येऊन ठेपला. त्या दिवसापासून मुलांना सलग बारा महिन्यांची हमी देशभर सक्तीची झाली: एकदा पात्र ठरलं की मधे आईचा पगार वाढला तरी वर्षभर मूल आतच. एकोणीस वर्षं पूर्ण झाली, राज्य सोडलं, अशी मोजकी कारणं सोडली तर काढायचं नाही. बदल व्यक्तीच्या पातळीवर आधीच नेलेला असल्याने हा नियम आम्हाला सोपा गेला. शेजारच्या राज्यात काम करणारी माझी मैत्रीण त्या डिसेंबरभर रोज रात्री उशिरापर्यंत ऑफिसात होती.

गो-लाइव्ह, म्हणजे नवी यंत्रणा प्रत्यक्ष सुरू करणं, शनिवार-रविवारी झालं. आधी काही जिल्हे, मग उरलेले. सोमवारी कॉल सेंटरचे फोन वाजत राहिले, बहुतेक पासवर्डसाठी. ओव्हरटाइमवाल्या आईचं मूल आता नूतनीकरणाच्या वेळी मेडिकेडमधून चिपमध्ये जातं तेव्हा मधली फाइलच नाही, एकाच यंत्रणेत रकाना बदलतो. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या चिठ्ठ्यांतल्या बऱ्याचशा आता ड्रॉपडाउनमध्ये आहेत. 'बेबीबॉय' मात्र अजून आहे, कारण हॉस्पिटलं अजून तशीच कळवतात. फक्त आता खरं नाव आलं की त्याच आयडीवर बसतं.

सध्या मी पुढच्या बदलावर आहे. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने मेडिकेड वाढीतल्या मोठ्यांची तपासणी २०२६ च्या अखेरपासून दर सहा महिन्यांनी करायची आहे. मुलांची वर्षातून एकदाच राहील. म्हणजे एकाच घरात आईची तारीख वर्षात दोनदा आणि पोराची एकदा, आणि आई फॉर्म द्यायला विसरली तरी पोराला हात लागता कामा नये. त्याच्या टेस्ट केसेस लिहायला घेतल्या आहेत. पुण्याच्या टीमलीडने या वेळी पहिल्याच यादीत आजी, मुलगी आणि जुळी पाठवली.