खानापुरातला सर्व्हर आणि वस्तीची गाडी

आमच्या बेळगावकडच्या खानापुरात पतसंस्थेची खरी धावपळ संध्याकाळी सहानंतर असते. पिग्मीवाले, म्हणजे दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणारे एजंट, एकेक करून येतात, हातातलं मशीन केबलला लावतात, दिवसभराच्या पावत्या सर्व्हरवर चढल्या की रोकड मोजून देतात आणि मोकळे होतात. पिग्मी कर्नाटकातलीच, १९२८ साली टी. एम. ए. पै यांनी उडुपीत सुरू केलेली. रोज पन्नास रुपये टाकून म्हैस घेतलेली माणसं मी इथं बघितलीत. त्यामुळं त्या पन्नासाची नोंद अडकली की मला झोप लागत नाही.

या संस्थेचे कॉम्प्युटर मी बघतो. गणपती झाले आणि तक्रार सुरू झाली. तीन मिनिटांत रिकामं होणारं मशीन अर्धा तास घ्यायला लागलं. कणकुंबीकडचे एक मामा बाकावर बसून सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. "अजून फिरायलंय की ओ. वस्तीची गाडी गेली तर मी जाऊ कसा?" दोनदा त्यांची गाडी खरंच चुकली. एकदा मीच त्यांना मोटारसायकलवरून जांबोटीपर्यंत सोडलं, पुढं त्यांचा मुलगा न्यायला आला.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "डेटा जास्ती आगेद, सर." डेटा वाढलाय हे खरंच होतं, म्हणून रॅम १६ जीबीची ३२ केली. फरक शून्य. नेटवर्कचा स्विच बदलला, तरी तेच. यात तीन आठवडे गेले.

खूण मात्र पहिल्यापासून समोर होती. सकाळी कुणाचंही खातं काढा, शिल्लक चटकन दिसायची. कॅशियर अक्का मला म्हणाल्या, "बघायला काही अडत नाही ओ, एंटर मारला की अडतंय." वाचताना जलद आणि लिहिताना रखडणारा सर्व्हर म्हणजे डिस्क तपासायला हवी. पण सर्व्हरला ४८० जीबीच्या दोन एसएसडी (चिपवर साठवणाऱ्या डिस्क), लिनक्सच्या एमडी या सोयीनं मिरर केलेल्या, म्हणजे दोन्हीवर तोच मजकूर. मिररची स्थिती बघितली तर दोन्हीपुढं 'यू', म्हणजे दोन्ही चालू. तेवढं बघून मी डिस्कचा विषय सोडला होता. चालू असणं आणि नीट चालणं यातला फरक त्या 'यू'मध्ये दिसत नाही.

अक्कांच्या त्या वाक्यानंतर संध्याकाळी गर्दीच्या वेळी आयओस्टॅट, म्हणजे डिस्कचा वेग दाखवणारी कमांड, लावून बसलो आणि दोन्ही डिस्कच्या ओळी वेगवेगळ्या वाचल्या. पहिली डिस्क एका लिखाणाला सरासरी २ मिलिसेकंद घेत होती. दुसरी ३४०. पहिली जवळजवळ मोकळी, दुसरी १०० टक्क्यांना चिकटलेली. मिररमध्ये प्रत्येक नोंद दोन्हीकडं लिहिली जाते आणि दोन्हींनी 'झालं' म्हटल्यावरच ती झाली म्हणायची. त्यामुळं लिखाणाचा वेग मागं राहणाऱ्या डिस्कचा. वाचायला मात्र एकच पुरते, आणि एसएसडी असतील तर एमडी जिच्यापुढं रांग कमी तिच्याकडं जातो. अक्का सांगत होत्या ते हेच.

केबलवर शंका होती. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये सीआरसी चुका, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेला मजकूर, शून्य आणि जोडणीचा वेग पूर्ण ६ गिगाबिट. तरी खात्रीसाठी रात्री बंद करून दोन्ही डिस्कच्या केबल आणि पोर्ट अदलाबदल केले. अशा वेळी लिनक्सनं डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं फिरतात, म्हणून आधी लेबलवरचे सिरियल नंबर वहीत लिहून घेतले. दुसऱ्या संध्याकाळी रखडणारी डिस्क तीच निघाली, फक्त नाव बदललेलं.

ही डिस्क मूळची नव्हती. आदल्या वर्षी एक गेली तेव्हा मी बेळगावला जाऊन हातात मिळाली ती घेऊन आलो होतो. दोन्हींच्या लेबलवर ४८० जीबीच. पण हिला स्वतःची रॅम नाही आणि एका सेलमध्ये चार बिट कोंबलेले. असल्या डिस्क आलेला मजकूर आधी एका छोट्या जलद भागात घेतात. तो भरला की वेग कोसळतो. त्यात ट्रिमचा टायमर बंद होता, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झालीय हे डिस्कला कुणी कळवतच नव्हतं. ते कळवणारी एफएसट्रिम कमांड हातानं चालवली. दोन संध्याकाळी सुखात गेल्या, तिसऱ्या दिवशी मामा पुन्हा बाकावर.

कारण डेटाबेस प्रत्येक पावतीला डिस्कला विचारतो, खरंच उतरलं का? वीज गेली तर पैशाची नोंद हरवू नये म्हणून हे विचारणं बंद करायचं नसतं. साध्या एसएसडीला त्यासाठी दर वेळी सेलपर्यंत लिहावं लागतं. सर्व्हरसाठी केलेल्या डिस्कमध्ये कपॅसिटर असतात. वीज गेली तरी रॅममधलं उतरवून घेण्याइतका जोर त्यांच्यात असतो, म्हणून ती लगेच 'झालं' म्हणू शकते. किंमत जास्त आहे. चेअरमनांपुढं दोन्ही आकडे, २ आणि ३४०, कागदावर ठेवले आणि सही मिळाली.

रविवारी आधी बॅकअप घेतला, तो उघडून बघितला, मग नवी डिस्क तिसऱ्या पोर्टला लावली. जुनी काढून नवी घालण्यापेक्षा मिरर सांभाळणाऱ्या एमडीएडीएम कमांडचं रिप्लेस वापरलं. नवीवर नक्कल पूर्ण होईपर्यंत जुनी मिररमध्येच राहते, त्यामुळं मधल्या वेळात एकाच डिस्कवर जीव टांगून राहत नाही. नवीवर ग्रब, म्हणजे सर्व्हर चालू करून देणारा प्रोग्रॅमही बसवला, नाहीतर पहिली गेल्यावर सर्व्हर उठलाच नसता. ट्रिमचा टायमर सुरू केला.

सोमवारी संध्याकाळी मी आयओस्टॅट लावून उभा होतो. दोन्ही ओळींत २ च्या आत. मामांनी मशीन लावलं, पिशवीतली रोकड काढून मोजायला घेतली, तोवर प्रिंटर खरखरून थांबलाही. "झालं व्हय?" म्हणाले. अक्कांनी सही घेतली. साडेसहाला मामा बसस्टँडकडं निघालेसुद्धा.