वाचनालयातील संगणकावर काय उघडावे?

सार्वजनिक वाचनालयांतून वाचकांसाठी ठेवलेला संगणक बहुधा परीक्षेचे अर्ज भरण्यासाठी, सातबारा पाहण्यासाठी आणि निकालाच्या दिवशी निकालासाठी वापरला जातो. त्यात वावगे काही नाही. मात्र वर्तमानपत्र चाळून झाल्यावर तासभर मोकळा असलेल्या जिज्ञासू वाचकाने त्याच संगणकावर काय उघडावे, असे मला कुणी विचारले तर मी एकच कसोटी सांगतो. माहिती कुणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कशाच्या आधारे लिहिली, हे जे संकेतस्थळ सांगते ते उघडावे. खाली सुचवलेली स्थळे या कसोटीला कमीअधिक उतरतात आणि त्यांपैकी एकही वाचकाकडे पैसे मागत नाही.

पहिला मान मराठी विश्वकोशाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला सिद्ध होऊ लागलेल्या या कोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला आणि आज त्याच्या नोंदी महाजालावर वाचता येतात. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते आणि बऱ्याच ठिकाणी संदर्भग्रंथही दिलेले असतात. जुन्या खंडांतील लोकसंख्येचे किंवा उत्पादनाचे आकडे त्या त्या काळचे आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. शाळकरी मुले ते आकडे आजचे म्हणून प्रकल्पात उतरवतात तेव्हा दोष कोशाचा नसतो. अलीकडे विषयवार ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदी लिहिल्या जात आहेत. एखाद्या विषयावरील जुनी आणि नवी नोंद शेजारी ठेवून वाचणे हा स्वतंत्र अभ्यास ठरतो.

माझा स्वतःचा सर्वाधिक वेळ जातो तो शिकागो विद्यापीठाने चालवलेल्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संग्रहात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती, 1932 पासून खंडशः प्रसिद्ध झालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे तिन्ही तेथे आहेत. शब्द देवनागरीत टंकून शोधता येतो. पण या स्थळाची खरी गंमत शीर्षशब्द सोडून संपूर्ण मजकुरात शोध घेण्यात आहे. मोल्सवर्थच्या कोशात भातासाठीचा किंवा होडीसाठीचा इंग्रजी शब्द टाकला, की ज्यांच्या अर्थात तो आला आहे अशा मराठी नोंदी एकामागून एक समोर येतात, आणि दीड शतकापूर्वीच्या शेताचा किंवा बंदराचा व्यवहार त्यांतून दिसू लागतो. छापील कोश हाती असताना हे करायचे तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. दाते-कर्वे यांचे वेगळेपण अवतरणांत आहे: ज्ञानेश्वरीपासून बखरींपर्यंत तो शब्द कुठे आला, याचा निर्देश ते करतात, आणि तेथून वाचक पुन्हा कपाटातील पुस्तकाकडे वळतो.

आपल्या गावाचा किंवा तालुक्याचा इतिहास शोधणाऱ्यांनी राज्याच्या दर्शनिका विभागाचे, म्हणजे जिल्ह्यांची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ (गॅझेटियर) काढणाऱ्या खात्याचे, संकेतस्थळ पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये पिके, वजने-मापे, घाट, बाजार आणि देवस्थाने यांची माहिती जिल्हावार दिलेली आहे. भूगोल आणि व्यापार या प्रकरणांवर बऱ्यापैकी भिस्त ठेवता येते. जातीजमातींच्या स्वभावाची वर्णने मात्र राज्यकर्त्यांच्या नजरेची साक्ष म्हणून वाचावीत, माहिती म्हणून नव्हे.

जुनी मराठी पुस्तके हवी असल्यास इंटरनेट आर्काइव्हला पर्याय नाही. ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात भारतातील ग्रंथालयांमधून स्कॅन झालेली असंख्य पुस्तके आहेत, पण त्यांची नावे रोमन लिपीत आणि बऱ्याचदा विचित्र वर्णलेखनाने नोंदलेली असल्यामुळे पहिल्याच शोधात पुस्तक सापडेलच असे नाही. तोच शब्द दोन-तीन प्रकारे टंकावा, जमल्यास लेखकाच्या आडनावावरून शोधावे. पुस्तक तेथे आहे म्हणजे ते हक्कमुक्त आहे असेही नव्हे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. वाचनालयाच्या मुद्रणयंत्रावर अख्खे पुस्तक छापून मागणाऱ्यांना हे सांगावे लागते.

मुलांसाठी मी निःशंकपणे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ सुचवतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, शीतपेयाची नळी, जुने सेल अशा वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी तेथे छायाचित्रांसह दाखवलेली आहेत, शिवाय मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके उतरवून घेता येतात. स्थळाची मांडणी जुनाट आहे, रंगरंगोटी नाही, आणि मला तेच बरे वाटते. खगोलाची आवड असलेल्या मुलाला नासाचे रोजच्या चित्राचे पान दाखवावे. 16 जून 1995 पासून तेथे दररोज एक चित्र आणि त्याखाली जाणकाराने लिहिलेला खुलासा येत आहे. खुलासा इंग्रजीत असल्याने सुरुवातीला मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

पक्षीप्रेमींसाठी झेनो-कँटो आहे. 2005 मध्ये सुरू झालेल्या या स्थळावर जगभरातील हौशी व अभ्यासू लोकांनी ध्वनिमुद्रित केलेले पक्ष्यांचे आवाज आहेत, आणि प्रत्येक मुद्रणासोबत ठिकाण, तारीख आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव दिलेले असते. काही संकटग्रस्त पक्ष्यांचे आवाज मात्र तेथे मुद्दाम खुले ठेवलेले नाहीत, कारण त्यांचा उपयोग पक्षी पकडण्यासाठी होऊ शकतो. हे स्थळ उघडायचे तर वाचनालयाने संगणकाला कानाला लावायचा हेडफोन जोडून द्यावा, नाहीतर तांबटाच्या टुकटुकीने वृत्तपत्र विभागातील ज्येष्ठ मंडळी तक्रारवही मागतील.