पाच-तीन-दोन : अखेर नेमके ३० पत्ते

वाटप जमलं! पाच-तीन-दोन हा तिघांचा पत्त्यांचा खेळ मी पायथनमध्ये लिहितोय; त्यात ५२ पैकी दुर्री ते छक्की आणि किलवर-चौकटच्या सत्त्या काढून ३० पत्ते ठेवायचे असतात. आता तिन्ही भिडूंना दहा-दहा पत्ते मिळतात, गड्डी शून्यावर येते आणि कुणाच्या हातात तिर्री उगवत नाही. मागच्या नोंदीतला 'रिकाम्या लिस्टमधून पॉप' (म्हणजे गड्डीची यादी संपली तरी तिच्यातून पत्ता काढायचा प्रयत्न) हा एरर गेला.

छळत होता तो त्याचा लहरीपणा. एकदा डाव सुरळीत वाटला जायचा, लगेच पुन्हा चालवला की शेवटच्या फेरीत कोसळायचा. एरर वाटपाच्या व्हाइल लूपकडे बोट दाखवायचा, पण त्या लूपचं काम साधं : गड्डीत पत्ते आहेत तोवर तिघांना एकेक द्यायचा. पत्ते तिनाच्या पटीत असले तर निभावतं, नसले तर कुणाच्या तरी वाटणीला पत्ताच उरत नाही. म्हणजे गड्डी वाटपाआधीच बिघडलेली येत होती.

सुगावा लागला तो शफल, म्हणजे पत्ते पिसणं, बंद केल्यावर. न पिसलेल्या गड्डीत छाटणीनंतर, म्हणजे नको ते पत्ते लूपने काढून टाकल्यावर, दर वेळी ४० पत्ते उरले. थॉनी या पायथनच्या एडिटरमध्ये एकेक पायरी चालवत लिस्ट पाहिली : प्रत्येक रंगातली दुर्री, चौकी, छक्की गेलेली, तिर्री आणि पंजी जागच्या जागी. काढायच्या होत्या त्या किलवर-चौकटच्या सत्त्याही तशाच. एकाआड एक पत्ता सुटत होता!

फॉर लूप लिस्टमधला क्रमांक धरून पुढे जातो. शून्य क्रमांकावरची दुर्री रिमूव्ह केली की तिर्री सरकून शून्यावर येते, लूप मात्र एकवर पोचलेला असतो आणि तिथे त्याला चौकी भेटते. तिर्री तपासलीच जात नाही. आधी पिसलं तर काढायचे पत्ते एकमेकांशेजारी किती येतात हे दर वेळी बदलतं, म्हणून उरलेल्यांची संख्याही बदलायची.

डिक्शनरीवर (नाव-किंमत अशा जोड्यांच्या यादीवर) लूप चालू असताना तिच्यातली नोंद काढली तर पायथन एरर देऊन थांबतो, लिस्टला मात्र गुपचूप चालू देतो. नवशिक्यांवर हा अन्याय आहे असं माझं ठाम मत. थॉनी मात्र मला मनापासून आवडतं : फुकट, हलकं आणि व्हेरिएबल डोळ्यांसमोर बदलताना दिसतात. शिकताना यापेक्षा जड एडिटर घेऊ नये.

छाटणीऐवजी आता लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (एका ओळीत यादी बनवायची पायथनची पद्धत) हवे तेवढेच पत्ते नव्या लिस्टमध्ये घेतले आहेत. पण हे लिहिताना सुचतंय, ५२ बनवून २२ काढायचे कशाला? चारही रंगांच्या अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत २८, वर इस्पिक-बदामच्या सत्त्या, झाले ३०. गड्डी बनवणाऱ्या फंक्शनला खेळाचं नाव द्यायचं, मेंढीकोटासाठी तेच फंक्शन अख्खे ५२ देईल. आज रात्री हेच करतो, कॉम्प्युटर भिडूची चाल पुढच्या आठवड्यावर.

एक छोटा आनंद : उतारी, हुकूम, भिडू ही व्हेरिएबलची नावं देवनागरीत बिनतक्रार चालतात. फक्त लांबी मोजणारं लेन हे फंक्शन काना-मात्रा वेगळ्या मोजतं, 'किलवर'चे पाच येतात आणि छापलेले रकाने वाकडे होतात. तिथे रंगांची चिन्हं टाकणार.

चवथीला डिचोलीच्या घरी सगळी भावंडं जमतील, तोवर पाच पत्त्यांवर हुकूम बोलणं आणि पुढच्या डावातली ओढाओढी (दुसऱ्याच्या हातातले पत्ते ओढणं) बसवायची आहे. तुमच्याकडे ओढताना पत्ता न बघता घेतात की हवा तो नाव सांगून मागतात? नियम कळवा, दोन्ही पर्याय ठेवतो.